दुपारी उडणारं विमान

मी विमान घ्यायचं ठरवलं तेव्हा अर्ध्या जालन्याच्या पोटात दुखलं. धावडा गावात मिरचीच्या फुलांना हातानं पराग लावत वाढलेली ही बाई, तिला विमान कशाला? मी बियाण्याची कंपनी उभी करत होते तेव्हा यांतलं कोणी साधी विचारपूस करायलाही आलं नव्हतं.

कशाला ते सांगते. आमचे बियाण्याचे प्लॉट तीन राज्यांत आहेत. फुलावर आलेल्या पिकातलं भेसळीचं झाड वेळेत उपटलं नाही, तर सगळं बियाणं वाया जातं. ते झाड नजरेनं ओळखणाऱ्या पाचजणी माझ्याकडे आहेत. उषाबाई त्यांतली सर्वांत जुनी. सकाळी या बायका शेडनेटमध्ये पराग लावतात आणि दुपारी मोकळ्या होतात. जीपनं प्लॉटवर पोचेपर्यंत फुलं गळून जातात. म्हणून मला सहाजणींचं छोटं जेट हवं होतं, वापरलेलं असलं तरी धडधाकट.

दलालाचं नाव शौनक. त्याला विमान सकाळी गार हवेत दाखवायचं होतं, आणि मला नि माझे दीर आदिनाथ भाऊजी यांना, असं दोघांनाच फिरवायचं होतं. मी म्हटलं, बैल घेताना रिकाम्या गाडीला जुंपून बघतात का? दुपारी आणा, आम्ही सहाजणी बसणार. तो हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण दुपारच ठरली. भाऊजींना कुठं दम निघतोय! त्यांनी गावभर आमंत्रणं धाडली आणि बँडही सांगून ठेवला.

त्या दिवशी जालन्याच्या धावपट्टीवर एप्रिलचं ऊन डोकं फोडत होतं. पाचजणी ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. उषाबाई तर आत जाऊन पट्टा बांधून बसलीसुद्धा. तेवढ्यात ते विमान घेऊन आलेली वैमानिक मधुवंती सरळ माझ्याजवळ आली.

“मॅडम, उन्हानं हवा विरळ झालीय, विमान लवकर उचलत नाही. या उन्हात, एवढ्या आखूड धावपट्टीवरून सहाजणी आणि पुरेसं इंधन घेऊन हे विमान मी उडवणार नाही. फार तर तिघींना नेईन.”

शौनक घाईनं मध्ये पडला. “किमतीचं बघू ना, मॅडम! तुम्ही आणि साहेब आरामात जाल. बायकांना जीपनं पाठवा.”

“मंग झाड कोण ओळखणार? तुम्ही?”

भाऊजींनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. “वहिनी, सगळं गाव बघून राह्यलंय. आज न्हाई म्हणलं तर तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. आत्ता घेऊन टाकू, पुढचं पुढं बघू.”

खोटं कशाला बोलू, मी डगमगले. मला ते विमान मनापासून हवं होतं, आणि लोकांचं हसणं बिलकुल नको होतं. तेवढ्यात उषाबाई विमानाच्या दारात आली.

“दैवशाला, आमच्यापायी अडू नको. आम्ही उतरतो. तू जा.”

आणि ती उतरायलाही लागली. जन्मभर कुणी ऊठ म्हटलं की उठत आलेली बाई, तिला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. मला वाटलं. असं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

मी शौनकला म्हटलं, “विमान परत न्या. दुपारी सहाजणींना घेऊन उडेल असं दुसरं असेल, तर फोन करा.”

विमान निघून गेलं. गर्दीत कुणीतरी खिदळलं. मागून एकजण ओरडला, “काय झालं, मिरची उडाली न्हाई का?”

भाऊजी घाम पुसत पुटपुटले, “वहिनी, आता या लोकांना काय सांगू?”

मी उषाबाईचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “सांगा, आम्ही सहाजणी विमान बघायला आल्तो. आम्हाला पसंत पडलं न्हाई.”