लांडगिणीचा वाटा

दर पौषात झुंबरबाई मेंढरं घेऊन पाथर्डीकडून सोनईच्या बागायतीत उतरते. वाटेत एका माळावर मुक्काम असतो, आणि त्याच दिवसांत त्याच माळावर एक लांडगीण व्यालेली असते. कोण कुणाच्या मागे येतं, देव जाणे. मुक्कामात मेलेलं पहिलं कोकरू पुरायचं नाही, खडकावर ठेवायचं, ही सासऱ्याच्या वेळेपासूनची रीत. पोट भरलेली लेकुरवाळी कळपात उडी घेत नाही. ऐकणारे हसतात. हसणाऱ्यांनी एक रात्र मेंढरांत काढून दाखवावी.

यंदा कळप वेचणी झालेल्या कपाशीत चरला. शेतमालकानं खुशाल चारा म्हणून सांगितलं, फवारणीचं सांगायचं तेवढं विसरला. विसरला म्हणे. संध्याकाळपर्यंत मेंढरांच्या तोंडाला फेस आला आणि एकेक आडवं व्हायला लागलं. झुंबरबाईचा मुलगा वैजनाथ खड्डा खणत होता. झुंबरबाईनं मेलेल्यांतलं पहिलं कोकरू बाजूला काढलं.

"आये, इखानं मेलंय ते. नको ठिवू."

"तिचं नाक तुझ्यापरीस तिखट हाय. इख आसंल तर शिवायची बी न्हाई. आन् वाटा न्हाई दिला तर तिनं काय खावं?"

सकाळी खडक रिकामा होता. झुंबरबाईला बरं वाटलं.

दुपारी ओढ्याकडे कावळे जमले म्हणून वैजनाथ बघायला गेला. लांडगीण पडली होती, तोंडाला फेस, सड दुधानं तटतटलेले. भुकेपुढं नाक चालत नाही, हे झुंबरबाईला कळायला हवं होतं. तिनंही लेकरं वाढवली होती. ती तडक बिळाकडे गेली. आत तीन पिल्लं कुंईकुंई करत होती.

वैजनाथनं वनखात्याला फोन लावला. माणूस उद्या येईल म्हणाले.

"उद्यापत्तुर काय वारा पित्याल का?" म्हणत झुंबरबाईनं कोकरू मेलेली एक मेंढी ओढत आणली आणि जर्मनच्या ताटलीत दूध काढलं. वासाबरोबर पिल्लं लटपटत बाहेर आली.

"आये," वैजनाथ हळूच म्हणाला, "ही बी कपाशीत हुती."

झुंबरबाईनं कळपाकडे पाहिलं. कपाशीत न गेलेली एकही मेंढी नव्हती. पिल्लांची तोंडं पोचायच्या आत तिनं ताटली लाथाडली.

"गावातनं दूध आन. पळ."

वैजनाथची मोटारसायकल माळ उतरून गेली. दूध मातीत मुरलं होतं, पिल्लं ती माती चाटायला धावली. झुंबरबाईनं वर कोरडी माती लोटली, पिल्लं ती उकरायला लागली. उचलून बिळात ठेवली, पुन्हा आली. शेवटी तिनं काठी घेतली. वैजनाथ परत येईपर्यंत ती त्या पिल्लांना मारत होती आणि रडत होती.