फायनलनंतरचा गुडघा

संग्रामने ती गोष्ट सांगायला घेतली की त्याची बायको रेणू हळूच स्वयंपाकघरात सटकायची. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एकाही मराठी घराची त्या गोष्टीतून सुटका झालेली नव्हती! कोल्हापूर, फुटबॉलसाठी तुडुंब भरलेलं स्टेडियम, सेमीफायनलला फाटलेलं गुडघ्याचं लिगामेंट, तालमीतल्या वस्तादांनी तेल चोळून आवळलेली पट्टी, आणि दोन दिवसांनी त्याच पायाने फायनलमध्ये मारलेला गोल. मग पेठेने त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. पठ्ठ्या असं रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याचा घास हातातच राहायचा.

सगळ्यांत जास्त मन लावून ऐकलं ते लेकीने. नेत्रा सतरा वर्षांची, क्लबच्या टीमची स्ट्रायकर. डिसेंबरात तिचंही लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. सप्टेंबरपर्यंत मैदानाचं नाव काढू नकोस, असं सर्जनने बजावलं होतं. आणि मे महिन्यातच पोरगी टूर्नामेंटसाठी हटून बसली, कारण शनिवारी कॉलेजांचे कोच खेळाडू हेरायला येणार होते. क्लबच्या फॉर्मवर आईबाबांपैकी एकाची सही हवी होती. रेणूने साफ नाही म्हटलं. तेव्हा ती बाबांकडे वळली.

"यू प्लेड द फायनल, बाबा."

संग्रामने सही न करता फॉर्म बाजूला ठेवला. रेणूला त्याचा असा काही राग आला म्हणता! घाला अजून मसाला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोघींना जिन्याखाली उभं केलं. एरवी तो सगळ्यांच्या आधी उठून खाली यायचा, चहा टाकायचा. सकाळी गुडघा जरा आखडतो, एवढंच तो सांगायचा. आज मात्र वरच्या पायरीवर उभं राहून त्याने पायजमा वर केला. गुडघा सुजून वाकडा झालेला. मग दोन्ही हातांनी कठडा धरून तो पाठमोरा उतरायला लागला. एक पाय खाली, दुसरा त्याच पायरीवर, मग थांबून दम खायचा. तेरा पायऱ्या. मधेच तो कळवळला, तशी नेत्रा धावली. त्याने तिला हातानेच थांबवलं.

खाली आल्यावर म्हणाला, "हाडावर हाड घासतंय. पन्नाशीतच गुडघा बदलायचाय. आणि त्या फायनलनंतर मी एकही मॅच खेळलो नाही, नेत्रा. खेळताच आलं नाही."

नोकरीपायी फुटबॉल सुटला, असंच रेणूला लग्नापासून माहीत होतं. सत्तावीस वर्षं हा माणूस एकटाच हे गिळून बसला होता! गोल मारायला जिगर लागत असेल, नाही कोण म्हणतंय. पण जिच्या डोळ्यांत आपण हिरो, त्या पोरीसमोर असं उतरून दाखवायचं म्हणजे कमालच. कालचा राग कुठल्या कुठे गेला. याच्याशी लग्नाला आपण हो म्हटलं, याचा तिला इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

नेत्राने कोचला फोन लावला आणि शनिवारी येत नसल्याचं सांगितलं. बाबा सही देत नाहीत का, असं पलीकडून विचारलं असावं.

"नो," ती म्हणाली. "आय डिसायडेड."

फोन ठेवून तिने बाबांना हात दिला. संग्रामने तो धरला, सगळा भार तिच्यावर टाकला आणि सोफ्यावर बसला.