डागाला हात लावायचा नाही

विमा कंपनीचा माणूस पाहणीला येणार म्हणून दोन्या एनेइदांनी घर धुऊन-पुसून लख्ख केलं, आणि तिथंच सगळं फसलं.

वादळात त्यांच्या पूर्वेकडच्या उतारावरची कौलं उडाली होती. झोपायच्या खोलीत दोन दिवस पाणी गळत होतं. भिजलेला गालिचा त्यांनी ओढत रस्त्याकडेला नेऊन टाकला, तो कचऱ्याची गाडी घेऊन गेली. खोलीच्या छताला आतून पडलेल्या डागांवर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. मग कंपनीचा माणूस आला, कॉफी प्यायला, वर बघून गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं : कौलं मुळातच झिजलेली, घरात पाणी शिरल्याची खूण नाही, सबब दावा नामंजूर.

त्यानंतर त्यांनी मला बोलावलं. मी पब्लिक अ‍ॅडजस्टर. कंपनीची नव्हे, घरमालकाच्या बाजूनं नुकसान मोजून दावा मांडणारी. मिळेल त्यातला दहावा हिस्सा माझा. काही मिळालं नाही तर मलाही नाही. त्या ऑक्टोबरात, वादळानंतर, आमच्या हायलीया शहरात माझ्याकडे एकतीस घरं होती. सकाळची जपमाळ मी गाडीतच म्हणायची, आणि ती पुरी व्हायच्या आत पुढचं घर यायचं.

"फोटो काढलेत का?" मी विचारलं.

"कशाचे? घाणीचे?"

"गालिच्याचा एखादा तुकडा तरी?"

"पोरी, माणूस घरात येणार म्हटल्यावर त्याला कुजका गालिचा दाखवू होय? पाहुण्यासमोर?"

"तो पाहुणा नव्हता, दोन्या एनेइदा."

"दारातून आत आला. बसला. माझ्या हातची कॉफी प्यायला. आणखी पाहुणा म्हणजे काय असतं?"

माझ्या आईनंही हेच केलं असतं.

त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वयाच्या मानानं सगळे त्यांना 'दोन्या' म्हणत. नवरा रोहेलिओ जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी ओहायोत. छपराचे पैसे मिळाले नाहीत तर घर विकून माझ्याकडे ये, असं तिनं निक्षून सांगितलं होतं. "तिथं बर्फ पडतो," त्या म्हणाल्या, "आणि कॉफीला पाण्याची चव. मी तिथं मरायला जायचं म्हणजे चार महिने आधीच मेल्यासारखं."

कपाटाच्या वर छतात असलेल्या झडपेतून शिडी लावून मी माळ्यावर चढले. गुडघ्यांमुळे त्यांना तिथवर जाता आलं नव्हतं, नाहीतर तोही धुतला असता. तिथला उष्णता अडवायला अंथरलेला कापसासारखा गुलाबी थर पाण्यानं चेपून चपटा झाला होता. फळ्यांवर ओघळ, खिळ्यांना कोवळा गंज. उतरून खाली आले तेव्हा छताकडे नीट बघितलं. पांढऱ्या रंगातून तपकिरी कडं हळूहळू वर येत होतं. पाण्याचा डाग साध्या रंगाखाली दबत नाही.

"दिसला ना तुलाही?" त्या म्हणाल्या. "तिसरा हात द्यायचाय. डबा आणून ठेवलाय."

"तेवढं करू नका. मी दुसरी पाहणी मागते. तोवर पंखा चालू ठेवा, छपरावर टाकलेली ताडपत्री घट्ट राहू द्या, पण डागाला हात लावायचा नाही."

"किती दिवस?"

"कंपनी तारीख देईल तोवर."

"म्हणजे मी माझ्याच घरात गबाळी म्हणून बसायचं."

एकोणीस दिवस लागले. त्यांचा रोज फोन. कोपऱ्यात काळी बुरशी धरली, पुसू का? नको, मी येऊन फोटो काढते, आधी पुसू नका. शेजारीण आली तर तिला अंगणातूनच परत पाठवलं, म्हणाल्या. एका शुक्रवारी मी फोटो काढायला गेले तर पेरूच्या वड्या भरलेल्या पुऱ्या पुढं केल्या.

"आज माझा उपास आहे."

"वाळलेली कशी दिसतेस बघ. देवाला तुझ्या पोटाशी काय वैर गं?" मग खालच्या आवाजात : "काल डबा उघडला होता. ब्रशसुद्धा बुडवला. मग झाकण परत लावलं."

"देव तुमचं भलं करो," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

दुसऱ्या वेळी कंपनीनं प्रुइट नावाचा माणूस पाठवला. जॉर्जियाहून आलेला, डोळे तांबरलेले. दोन्या एनेइदा लाजेनं आत आल्याच नाहीत, ओसरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसल्या.

"हा रंग कुणी दिला?" प्रुइटनं विचारलं.

"मालकीणबाईंनी. वादळानंतर, दोन हात. माझ्या अहवालात पहिल्या पानावर आहे."

"लिहिलं नसतं तर तुमचं सोपं झालं असतं."

"विचारलं असतंत तर सांगावंच लागलं असतं."

तो माळ्यावर चढला. बराच वेळ वर होता. केसांत कोळ्याची जाळी घेऊन उतरला. "छप्पर वाऱ्यानंच गेलंय, तसं मी लिहितो. खालच्या छताचं मात्र मला सांगता येत नाही. रंगाखाली जुना डाग किती, नवा किती, कोण सांगणार?"

ओसरीत त्यांनी त्याला कॉफी दिली. "घर असं दिसतंय, माफ करा."

"आज सातवं घर, बाई," तो म्हणाला. "बसायला खुर्ची दिलेलं पहिलंच."

नोव्हेंबरात पत्र आलं. छप्पर मंजूर. छत आणि गालिचा नामंजूर. मी समजवायला गेले. म्हटलं, "अजून भांडता येतं. त्रयस्थ माणूस नेमायला लावू. माळ्यावरचे फोटो आपल्या बाजूनं आहेत."

"किती दिवस?"

"चार महिने. सहाही लागतील."

"आणि तोवर हे असंच?"

"असंच."

त्यांनी वर बघितलं. "ओहायो टळलं ना?"

"टळलं."

"मग पुरे."

"तुमच्या हक्काचे पैसे सुटताहेत. हे सांगणं माझं काम आहे."

"सांगितलंस. आता बाजूला हो."

मी आणखी एकदा सांगायला हवं होतं. पण सांगितलं नाही. मला तेच उत्तर हवं होतं, एक घर हातावेगळं व्हायला हवं होतं. त्या शनिवारी हे मी चर्चमध्ये पापनिवेदनात बोलले.

मी पत्र समजवायला गेले त्या दिवशी मात्र त्यांनी छताची बुरशी पुसायला बादली भरली, पदर खोचल्यासारखा झगा वर खोचला आणि स्टुलावर चढायला लागल्या. रक्कम मान्य असल्याच्या पत्रावर त्यांची सही राहिली होती. "ठेव तिथं," त्या म्हणाल्या, "हात ओला आहे." मी कागद ठेवून स्टूल दोन्ही हातांनी धरलं. पिशवीत फोन वाजत होता, पुढच्या घराचा असावा. स्टूल सोडता येईना, म्हणून वाजू दिला.