वारसाच्या जागी खांब

लॉर्ड वेन्लिशम यांच्या कुटुंबाचं चित्र मी चार महिने खपून रंगवलं. मधोमध ते स्वतः, छातीवर राणीसाहेबांनी दिलेलं पदक. एका बाजूला बाईसाहेब फिलिपा, दुसऱ्या बाजूला एकुलता एक मुलगा जोसलिन. पदकाला तीन बैठका लागल्या, मुलाला एक. तरी हुबेहूब साधला तो मुलाचाच चेहरा.

चित्र भिंतीवर चढतं न चढतं तोच जोसलिनने राणीसाहेबांच्या एका सखीशी गुपचूप लग्न केलं. परवानगी न विचारता! त्याची रवानगी थेट लंडनच्या किल्ल्यात, कैदेत झाली. आणि त्याच उन्हाळ्यात पत्र आलं, की राणीसाहेब आमच्या सफोक परगण्याच्या दौऱ्यात आमच्या हवेलीत दोन दिवस उतरणार.

लॉर्डसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, ह्याला काढून टाका."

"कुणाला, सरकार?"

"ह्या लग्नाळू गाढवाला! राणीसाहेबांच्या नजरेला पडला तर दरबारातली माझी जागा गेलीच म्हणून समजा."

बाईसाहेब मध्ये पडल्या. "अहो, किल्ल्यात गेलेला परत येतोच असं नाही. त्याचं एवढंच तोंड उरलंय माझ्याकडे. राहू द्या की!"

"तुम्ही पाहुण्यांच्या गाद्या बघा," लॉर्डसाहेब म्हणाले.

"वरून रंग देऊ की खरवडू?" मी विचारलं.

"खरवडा. खालून डोकावला तर पंचाईत."

मी खरवडला. दरबारी लोकांच्याच जिवावर जगणारा माणूस मी, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? शरम वाटली, पण हात काही थांबला नाही. बाईसाहेब पाठ फिरवून शेवटपर्यंत तिथेच उभ्या होत्या. त्या जागी मी संगमरवरी खांब काढला. लॉर्डसाहेब खूश झाले.

राणीसाहेबांच्या आधी आठ दिवस सर हम्फ्री डॉबेनी आले. राणीसाहेब कुठे निजणार, कुठे जेवणार, हे आधी येऊन बघणं त्यांचं काम. त्यांच्यासोबत घोड्यावरून आणखी कुणीतरी उतरलं. वाळलेला, दाढी वाढलेला जोसलिन! बाईसाहेब पायऱ्यांवरून अक्षरशः धावत सुटल्या.

"माफी झाली," सर हम्फ्री म्हणाले. "राणीसाहेबांना आता बापलेक एकत्र बघायचेत. तुमचं ते चित्रही. मुलगा हुबेहूब आलाय म्हणे. कुठाय ते?"

सगळे चित्रासमोर उभे राहिले. लॉर्डसाहेबांनी घाम पुसला. "हा चित्रकार म्हणजे एक नंबरचा आळशी! मुलाला काढायचं अजून बाकीच आहे. जोसलिन, बस बाळा, लगेच बस."

जोसलिनने खांब नीट पाहिला, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"राहू द्या, बाबासाहेब," तो म्हणाला. "हा खांब तुम्हाला कधी अडचणीत आणणार नाही. चला आईसाहेब, तुमची सून इप्सविचला वाट बघतेय."

बाईसाहेबांनी त्याचा हात धरला आणि त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, माझ्याही जागी एक खांब काढून टाका."

मायलेक गेले. सर हम्फ्री घसा खाकरून तबेला बघायला निघून गेले.

लॉर्डसाहेबांनी चित्र डावीउजवीकडून निरखलं. मग हळूच विचारलं, "मास्तर, दोन्हीकडे खांब... बरं दिसेल?"

"झकास दिसेल, सरकार," मी म्हटलं. "तुम्ही एकटेच उठून दिसाल."