पंपाखालचं भोक

लोटन आबाचा फोन सकाळी साडेआठला आला. होडीचं इंजिन तापत होतं आणि मागच्या नळीतून पाणी जेमतेम ठिबकत होतं. हारुन मिस्त्रीने अमळनेरच्या दुकानात बसूनच दोन गोष्टी विचारून घेतल्या: पंपाचा दांडा किती जाड, आणि आतल्या रबरी चक्राला पाती किती. मग मिळतंजुळतं चक्र, दोन-तीन मापांची सीलं आणि ऑइलचा डबा पिशवीत टाकून त्याने एसटी धरली.

ते इंजिन मुळात समुद्रावरच्या एका शिडाच्या होडीचं. वारा पडला तरच चालवायचं, एवढंच त्याचं काम असायचं. आबाने ते मुंबईच्या भंगारातून आणून तापीवरच्या आपल्या लोखंडी होडीत बसवलं होतं. पंप नदीचं पाणी आत ओढायचा, इंजिन थंड व्हायचं आणि तेच पाणी धुरासोबत मागे फेकलं जायचं. मागे पाणी पडतंय तोवर इंजिन सुरक्षित, हे हारुनने आबाला पहिल्याच वर्षी समजावलं होतं.

तो काठावर पोचला तेव्हा आबा नदीकडे तोंड करून उभा होता. सत्तरीचा माणूस, पाणी किती चढतंय ते कळावं म्हणून काठाला खुंटी रोवून तिच्याकडे बघत होता. आबाचा मुलगा कुंदन याने सकाळी सव्वीस बायकांना पलीकडे केळीच्या मळ्यात सोडलं होतं. परत येताना इंजिन तापलं. त्यानंतर निरोप आला की वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत. त्या मळ्याच्या मागून नाला जातो. नदी चढली की नाला भरतो आणि मळ्याचं बेट होतं; नाला एव्हाना भरला होता. तालुक्याहून मदतीची होडी यायची ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

"पानी वाढी ऱ्हायनं, हारुनभाऊ," आबा म्हणाला. "चारलोंग शे टाइम." चारनंतर होडी घालता येणार नव्हती.

हारुनने पंप सोडवून काठावर पोतं अंथरलं आणि त्यावर उघडला. चक्राची सहापैकी दोन पाती तुटलेली होती. एक तुकडा पंपातच सापडला. दुसरा नव्हता. तो पुढे नळीत अडकला असेल तर नवं चक्रही काही कामाचं नव्हतं. कुंदन म्हणाला, राहू द्या चाचा, बसवून टाका. हारुनने ऐकलं नाही. त्याने एकेक नळी काढून तार घातली. तुकडा इंजिन थंड करणाऱ्या कूलरच्या तोंडाशी होता. त्याच्यामागे आणखी तीन जुने तुकडे होते, कडक झालेले. म्हणजे चक्र पूर्वीही फाटलं होतं आणि तुकडे कोणी शोधले नव्हते.

मग त्याने पंप उलटा केला. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी इंजिनात न शिरता त्या भोकातून बाहेर ठिबकतं आणि माणसाला कळतं. ते भोक एम-सील लावून बुजवलेलं होतं. हारुनने घाईने इंजिनाची ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी आत शिरलं होतं.

"आबा, हे कोणी बुजवलं?"

आबाने कुंदनकडे पाहिलं. कुंदनने हातातला पान्हा पुसून खाली ठेवला.

"मीच," तो म्हणाला. "रोज ठिबकत होतं. बायका म्हणायच्या होडी गळते. बसायला घाबरायच्या."

 काठाला रोवलेली खुंटी पाण्यात गेली होती ती उपटून आबाने चार पावलं वर ठोकली.

हारुनने सगळं ऑइल काढलं, नवं भरलं, थोडा वेळ इंजिन फिरवून तेही काढलं आणि पुन्हा भरलं. दांड्यावर सीलने खाचा पाडल्या होत्या. त्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या, दोन्ही सीलं नवी ठोकली, भोक तारेने मोकळं केलं. आणलेलं चक्र तसूभर उंच होतं. ते त्याने काचेवर पेपर ठेवून घासत घासत बसवलं. या सगळ्यात आबाने खुंटी आणखी दोनदा मागे घेतली.

साडेतीनला इंजिन सुरू झालं आणि मागे पाण्याची धार पडली. हारुन स्वतःहून होडीत चढला. कुंदनने सुकाणू धरलं.

जाताना काही झालं नाही. पलीकडे सव्वीसजणी बांधावर गोळा होऊन उभ्या होत्या. मळ्यात घोट्याएवढं पाणी आलं होतं आणि मागून नाल्याचा आवाज येत होता. सगळ्या चढल्यावर होडी पाण्यात खोल बसली. आता एकच फेरी, दुसरी होणार नव्हती.

नदीच्या मध्यावर मागची धार बारीक झाली आणि मग थांबली. हारुनने इंजिन बंद केलं.  फक्त पाण्याचा आवाज उरला. होडी आडवी होऊन खाली वाहू लागली. खाली जुन्या बंधाऱ्याचे तुटके खांब होते.

"काय झायं भाऊ?" ताईबाई नावाच्या म्हातारीने हळूच विचारलं.

हारुनने नदीचं पाणी आत घेणारा तळाचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावरची गाळणी उघडली. जलपर्णीच्या मुळांनी ती गच्च भरली होती. तो मुळं ओढून काढू लागला. कुंदन वल्हं घेऊन टोकाशी गेला. पहिला खांब आला तेव्हा त्याने वल्हं खांबाला लावून सगळं अंग त्यावर टाकलं. वल्हं मोडलं, पण होडी घासून निसटली. दुसरा खांब येईपर्यंत इंजिन लागलं. धार आली.

होडी गावापासून अर्धा मैल खाली काठाला लागली. बायका उतरल्या, साडीचे ओले पदर पिळत घराकडे निघाल्या. ताईबाई तेवढी थांबली, कुंदनच्या खांद्याला हात लावून गेली.

रस्ता पाण्याखाली गेल्याने एसटी बंद झाली आणि हारुन आबाकडेच राहिला. आबाच्या बायकोने, बेबाबाईंनी, दिवेलागणीला ताटं वाढली. कुंदन जेवायला आला नाही. तो काठाशी होडीत बसला होता. वल्हं मोडताना सोललेल्या हाताच्या तळव्यांना त्याने फडकं गुंडाळलं होतं. हारुन जाऊन त्याच्या शेजारी बसला.

"मी तुझ्या वयाचा होतो," तो म्हणाला, "तेव्हा एका मळणीयंत्राचं झाकण गाडीत विसरलो. म्हटलं, उद्या लावू. त्याच दिवशी एकाचा हात आत गेला."

कुंदनने मान वर केली नाही. "वाचला?"

"वाचला. तीन बोटं गेली. पारोळ्याला असतो. मी अजून जातो त्याच्याकडे."

"काय म्हणतो तो?"

"चहा पाजतो," हारुन म्हणाला.

पलीकडे मळ्यात केळीची नुसती पानं दिसत होती. दोघं बघत असतानाच कडेची एक रांग हलली, वाकली आणि पाण्यात गेली.