बेवारस बरणी

मेलेली माणसं घरातून चोरीला जातात, हे ऐकून कुणालाही हसू येईल. हवालदारबाईंना येत नसे, कारण चौकीत हेच काम त्यांच्या गळ्यात होतं. गेलेल्या माणसाचं काही करायचं राहिलं, की त्याचा आवाज घरात राहतो. आजोबांचा खोकला, मावशीचं गुणगुणणं. राहिलेलं झालं, की आवाजही थांबतो. पण सध्या हे आवाज कुणीतरी घरोघरून उचलत होतं.

चोर सापडला आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा, चेहऱ्याने अगदी गरीब गाय. पिशवीत पाने, पक्कड आणि रिकाम्या बरण्या. एकटं राहणाऱ्यांना तो हे आवाज बरणीत भरून सोबत म्हणून विकायचा.

जप्त केलेल्या अठ्ठावीस बरण्या टेबलावर मांडल्या गेल्या. नातेवाईक येत, बाई झाकण बोटभर उचलत, आत कुणी शिंकलं की बाहेर कुणीतरी रडायला लागे. मग जबाब, सही, पुढचा. सकाळपासून बाई टेकल्या नव्हत्या. चार महिने झाले, त्यांच्या पायाला भिंगरीच लागली होती.

चार महिन्यांपूर्वी त्यांची आई गेली. "सहाला येते," असं फोनवर सांगून बाई बंदोबस्तात अडकल्या आणि नऊला पोचल्या. आई दाराजवळच्या खुर्चीतच गेली होती. शहरभरची मेलेली माणसं आपापल्या घरात खोकत होती, बाईंच्या घरात मात्र काडीही वाजली नाही. आई रागावून गेली, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत सत्तावीस बरण्या गेल्या.

"उरलेली बेवारस लिहा आणि गच्चीवर नेऊन उघडा," साहेब म्हणाले.

"ऐकून तर घेऊ," म्हणत बाईंनी झाकण उचललं.

सपातांचा आवाज. चार पावलं, मग कडी ओढून पाहिल्याचा खट्. पुन्हा एकदा खट्. परत चार पावलं. कडी दोनदा पाहायची ही खोड बाईंना जन्मापासून ठाऊक होती.

आई गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, फिल्टर बिघडला होता. हाच माणूस आला होता. स्टूल बाईंनी स्वतः धरलं होतं, वर चहाही पाजला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"साहेब, ही बेवारस नाही. माझी आई आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तुमचा जबाब मी घेतो. बसा तरी."

बाईंनी उभ्यानेच दिला.

चार वाजता घरी येऊन त्यांनी बरणी उघडली. सपाता दाराकडे गेल्या. खट्, खट्. परत आल्या. पुन्हा दाराकडे.

"आई, मी इथे आहे."

पावलं थांबेनात. बाई मागे मागे फिरल्या, माफी मागितली, चिडल्यासुद्धा. आई त्यांच्या शेजारून दाराशी जात राहिली. तासाभराने बाईंच्या लक्षात आलं. रागावलेलं माणूस दाराशी खेपा घालत नाही. आईच्या लेखी लेक अजून यायची होती.

चार महिन्यांचं ओझं उतरलं. मात्र आपण दारातून आलो, की आईची पावलं कायमची थांबणार. आत्ता तर मिळाली होती. अजून एक दिवस ठेवावी, असं त्यांना फार वाटलं. पण मेल्यावरही जिला टेकायला मिळत नाही, तिला कशी ठेवायची?

बाईंनी टोपी घातली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभ्या राहिल्या. सहाला त्यांनी बेल दाबली आणि किल्लीने दार उघडलं.

"आई, आले गं."

सपाता दाराशी आल्या आणि थांबल्या.

बाईंनी कडी लावली. ओढून पाहिली. पुन्हा एकदा पाहिली, कारण आता ते दुसरं कुणी करणार नव्हतं. मग त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या.