चवळीखाऊला साहेब म्हटलं तेव्हा

माझा धाकटा भाऊ सोरी राजधानीहून, बामाकोहून, सौदेबाजीचं शिबिर करून आला आणि आल्या दिवसापासून माझ्या तोंडाला कुलूप लावायला निघाला. आमच्या बायकांचं शिया झाडाच्या बियांचं लोणी तयार होतं, व्यापारी झुमाना कुलिबाली ते न्यायला येणार होता. यंदा भाव बरा मिळाला तर बिया दळायची गिरणी घेता आली असती. नाही तर आहेच उखळ-मुसळ आणि आमचे खांदे. बायकांची पुढारी मी, म्हणून बोलणीही माझ्याच गळ्यात.

सोरीनं तयारी करून घेतली. स्वतः झुमाना होऊन समोर बसायचा आणि मी तोंड उघडलं की खेकसायचा. गरज दाखवायची नाही, आकडा आपण आधी बोलायचा नाही आणि मुख्य म्हणजे थट्टा बंद. "ताई, सौद्यात हसलीस की फसलीस," असं त्याचं पालुपद.

आता आम्ही केइतांनी कुलिबालींची थट्टा करायची नाही म्हणजे काय? पणजोबांच्याही आधीपासून भेटल्याबरोबर आम्ही त्यांना चवळीखाऊ म्हणायचं आणि त्यांनी आम्हाला गुलाम. मयतालासुद्धा त्यात खंड नाही. माझी तर जीभ वळवळत होती. पण गिरणी हवी होती.

झुमाना मोटरसायकलवरून उतरता उतरताच ओरडला, की केइता गुलामांनो, मालकाला पाणी आणा. मी अदबीनं उभी राहिले.

"या, कुलिबालीसाहेब. बसा."

त्याचं हसू तोंडातच राहिलं. घरात कुणी गेलं का, म्हणून त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, सगळे खुशाल आहेत. मग त्यानं आपणहूनच सांगितलं, की सकाळी भांडंभर चवळी खाऊन निघालोय. माझ्या पोटात हसू मावेना. तरी मी म्हटलं, "छान. पौष्टिक असते."

त्याला दरदरून घाम फुटला. न विचारता त्यानं भाव सांगितला. मी गप्प. त्यानं वाढवला. मी पुन्हा गप्प. वाढवत वाढवत तो गिरणीच्या किमतीपर्यंत आला, तशा मागच्या बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. शेवटी तो काकुळतीला आला.

"न्याकाले, माझं काय चुकलं ते तरी सांग. एकदा चवळीखाऊ म्हण, लगेच सौद्याच्या कागदावर सही करतो."

"आधी सही, साहेब."

त्यानं केली. मग मी जी सुटले! त्याचं पोट, त्या पोटातले आवाज, त्या आवाजांना घाबरून पळालेली त्याच्या आजोबांची गाढवं, काही म्हणता काही ठेवलं नाही. झुमाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मलाही इतकं हलकं वाटलं, की गिरणीचा क्षणभर विसर पडला.

"आता जिवात जीव आला," तो डोळे पुसत म्हणाला. "मला वाटलं, सिकासोचा व्यापारी याहून जास्त भाव देतोय ते तुला कळलं, म्हणून रुसलीस."

सोरी काहीतरी बोलायला गेला, मी त्याला हातानंच गप्प केलं. झुमानाला आपण काय बोलून बसलो ते उमगलं. घाईघाईनं त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"सही झालीय हं, केइता."

"तुझी झालीय, चवळीखाऊ. माझी कुठंय? बस खाली."

बसला बिचारा. आमच्या गिरणीवरचं पत्र्याचं छप्पर त्या बसण्यातून आलं.